धानाच्या पाण्यातले चतुर

चतुर राहतो कुठे, असं विचारलं तर बहुतेकांचा हात हवेकडे जातो. धानाच्या बांधीवर, धुऱ्यावरच्या गवताच्या टोकाला, अंगणातल्या कपडे वाळवायच्या तारेवर आपण त्याला पाहिलेलं असतं. पण बहुतेक जातींचं अर्ध्याहून अधिक आयुष्य पाण्याखाली जातं. पंख फुटलेला चतुर काही आठवडेच जगतो. त्याआधी पाण्यातलं पिल्लू म्हणून काही जाती दीड-दोन महिने, काही वर्षभर, तर थंड प्रदेशांतल्या काही जाती चार-पाच वर्षं काढतात. चतुर कुठे वाढतील आणि कुठून नाहीसे होतील याचा निर्णय म्हणूनच पाण्यात होतो.

आणि पाणी म्हटलं की गोंदिया जिल्ह्याचं नाव आपोआप येतं. दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातलं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं गाव. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या प्रदेशात तलाव बांधण्याची विद्या रुजवली, आणि नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हे तिचं सर्वांत ठसठशीत उदाहरण. याशिवाय शेताशेतांतल्या बोड्या, पाट, विहिरी, आणि पावसाळ्याचे तीन-चार महिने घोटाभर पाण्याने भरलेल्या असंख्य बांध्या. चतुराच्या नजरेने पाहिलं तर खरिपातला हा सगळा मुलूख एक सलग, उथळ, कोमट तळं आहे. महाराष्ट्रात चतुरांसाठी इतकी अनुकूल भूमी फार थोडी असेल.

तरी चतुरांवरचं लिखाण आणि कौतुक बहुतेक सह्याद्रीच्या वाट्याला आलं. त्याला कारणही आहे. जगात चतुर आणि टाचण्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत, भारतात सुमारे पाचशे. २०१५ साली आशिष टिपले आणि पंकज कोपर्डे यांनी महाराष्ट्राची यादी मांडली तेव्हा तीत १३४ जाती होत्या, आणि त्यांतल्या दुर्मीळ, फक्त पश्चिम घाटातच सापडणाऱ्या जाती साहजिकच घाटाकडच्या. त्यानंतरची भरही तिकडचीच: २०२० मध्ये कोकणातून ‘ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस’, २०२२ मध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या चौकुळहून ‘बर्मागोम्फस चौकुळेन्सिस’. पूर्व विदर्भातले बहुतेक चतुर मात्र दूरवर पसरलेल्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातींचे. अभ्यासकाला त्यांत नवं नाव देण्याचा आनंद कमी मिळतो. माझ्या मते मोल याच सामान्य जातींचं जास्त आहे, कारण शेतात आणि अंगणात रोज राबतात त्या याच.

विदर्भात या विषयाची परंपरा नाही असंही नाही. ब्रिटिश काळात लष्करी डॉक्टर असलेल्या एफ. सी. फ्रेझरने १९३३ ते १९३६ या काळात भारतातल्या चतुरांवर तीन खंड लिहिले, आणि आजही ओळख पटवताना अडलं की अभ्यासक तेच उघडतात. २००८ मध्ये चतुरांवरची अठरावी आंतरराष्ट्रीय परिषद नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात भरली. त्याच वर्षी रेमंड अँड्र्यू, के. ए. सुब्रमणियन आणि आशिष टिपले यांची मध्य भारतातल्या सामान्य चतुरांवरची पुस्तिका निघाली. गोंदियाच्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला हाताशी धरायला हे पुरेसं आहे.

ओळखीची पहिली पायरी सोपी आहे. चतुर बसला की पंख आडवे पसरलेले ठेवतो, त्याचे मागचे पंख बुडाशी रुंद असतात आणि बहुतेक जातींत दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. टाचणी बारीक, नाजूक, बसताना पंख पाठीवर मिटून घेणारी, आणि तिचे डोळे दोन टोकांना. दोन्हीकडे अपवाद आहेत. तलावाकाठी वाळक्या काटकीच्या अगदी शेंड्यावर बसणारा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दांडगा ‘इक्टिनोगोम्फस’ चतुरच असतो, पण त्याचे डोळे भिडत नाहीत. लेस्टिस कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात.

दुसरी पायरी अवघड, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. आपण रंगाकडे पाहतो, आणि चतुराचा रंग वयाप्रमाणे व लिंगाप्रमाणे बदलतो. तलावांवर सर्रास दिसणारा रक्तासारखा लाल चतुर म्हणजे ‘क्रोकोथेमिस सर्व्हिलिया’चा प्रौढ नर. त्याची मादी पिवळसर तपकिरी, आणि नुकता बाहेर पडलेला नरही तसाच पिवळा. जमिनीवर, पायवाटेवर बसणारा छोटा ‘डिप्लॅकोडिस ट्रिव्हियॅलिस’ तरुणपणी हिरवट-पिवळा आणि वयात आला की नराच्या अंगावर निळसर भुकटी चढते. म्हणून रंगाच्या आधी पंखांवरचे डाग पाहावेत, पोटाचा आकार पाहावा, आणि बसण्याची जागा पाहावी. तो काडीच्या टोकाला बसतो, दगडावर बसतो, जमिनीवर बसतो की दिवसभर बसतच नाही, यावरून निम्मी ओळख पटते.

धानाच्या बांधीत काही जाती चुकूनही चुकत नाहीत. ‘न्यूरोथेमिस तुलिया’च्या नराचे पंख बुडाकडे काळे, त्यापुढे पांढरा पट्टा आणि टोकं पारदर्शक. तो पिकाच्या उंचीने, रमतगमत उडतो. पिवळ्या पंखांवर काळे-तपकिरी चट्टे असलेला ‘रायोथेमिस व्हेरिगाटा’ तर फुलपाखरासारखा फडफडतो आणि पुष्कळ लोक त्याला फुलपाखरूच समजतात. हिरवट अंगावर काळे पट्टे, फुगीर बूड आणि मग एकदम बारीक झालेलं पोट असा ‘ऑर्थेट्रम सबिना’ हा इथला सर्वांत धीट शिकारी. आपल्याच आकाराची फुलपाखरं आणि दुसरे चतुरसुद्धा तो धरून खातो. टाचण्यांत पिवळ्या पोटाची ‘सेरियाग्रिऑन कोरोमंडेलियानम’ अंगणातल्या हौदापर्यंत येते, आणि दोन सेंटिमीटरच्या आसपासची ‘अॅग्रिओक्नेमिस पिग्मिया’ रोपांच्या बुडाशी इतकी खाली वावरते की वाकल्याशिवाय दिसत नाही. गावातल्या भिंतींवर, दगडी जोत्यावर राखाडी ठिपक्यांचा एक चतुर चिकटून बसलेला असतो. तो हलला तरच कळतो. हा ‘ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा’, आणि सिमेंटच्या टाक्यांतही तो सुखाने वाढतो.

चतुराच्या वागण्यातल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. पहिली शिकारीची. त्याचे चारही पंख वेगवेगळ्या स्नायूंनी, स्वतंत्रपणे चालतात. डोळ्यांतल्या हजारो भिंगांमुळे जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. तो भक्ष्याचा पाठलाग करत बसत नाही, भक्ष्य पुढच्या क्षणी जिथे असेल तिथे पोचतो आणि पायांच्या काटेरी टोपलीत झेलतो. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा दहापैकी नऊहून अधिक झडपा यशस्वी ठरल्या. वाघाच्या किंवा घारीच्या शिकारीत एवढं यश कुणी नोंदवलेलं नाही.

दुसरी गोष्ट मीलनाची. नर आणि मादी जोडीने मिळून हृदयाच्या आकाराची कमान करतात ती तळ्याकाठी कुणीही पाहू शकतं. १९७९ मध्ये जोनाथन वागे या अमेरिकी संशोधकाने एका टाचणीच्या जातीत दाखवून दिलं की नर आपलं बीज देण्याआधी मादीच्या पोटातलं आधीच्या नराचं बीज खरवडून बाहेर काढतो. अंडी घालताना काही नर मादीची मान धरूनच उडतात, काही वर घिरट्या घालत पहारा देतात, त्याचं कारण यात आहे. प्राण्यांच्या वर्तनशास्त्रात या शोधाने मोठी खळबळ उडवली, आणि तो लागला तळ्याकाठच्या एका किड्यामुळे.

पाण्यातलं पिल्लू दिसायला कुरूप, मातकट, पंखांऐवजी पाठीवर आखूड खवले असलेलं. त्याचा खालचा ओठ घडी घालून डोक्याखाली दुमडलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की क्षणात पुढे झेपावतो. चतुराचं पिल्लू गुदद्वारातून पाणी आत घेऊन श्वास घेतं आणि तेच पाणी जोरात सोडून पुढे उसळतं. टाचणीच्या पिल्लाला मागे तीन पानांसारखे कल्ले असतात. डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, लहान मासोळी, सापडेल ते ही पिल्लं खातात. दहा-बारा वेळा कात टाकल्यावर एका रात्री किंवा पहाटे पिल्लू पाण्याबाहेरच्या दांड्यावर चढतं, पाठ उकलते आणि चतुर बाहेर येतो. मागे राहते ती कात. रोपाच्या दांड्याला चिकटलेली ही पोकळ कात म्हणजे चतुर इथेच वाढला याचा सर्वांत पक्का पुरावा, कारण उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो.

किती दूरवरून, याचं उत्तर आता बरंचसं हाती आलं आहे. पोळ्याच्या आगेमागे उघडीप मिळाली की मैदानांवर, रस्त्यांवर, शेतांवर सोनेरी-पिवळ्या चतुरांचे थवे तासन्‌तास घिरट्या घालतात आणि क्वचितच बसतात. ही जात ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’. मालदीव बेटांवर कायमचं गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी दर वर्षी ऑक्टोबरपासून तिथे हे चतुर लाखोंनी उतरतात. तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं तारखा टिपल्या आणि २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून निघून, उंचावरच्या ईशान्य वाऱ्यांवर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पावसाबरोबर पोचतात. त्यांची पुढची पिढी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परत येते. २०१२ मध्ये मालदीवच्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनच्या खुणा तपासल्या, तेव्हा ते उत्तर भारताच्या बाजूला वाढलेले असावेत असं निघालं. एकच चतुर हा फेरा पूर्ण करत नाही, चार-एक पिढ्या मिळून करतात. सायबेरियातून आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे याच सुमारास भारतावरून जातात आणि समुद्रावर त्यांचा शिधा हेच चतुर असावेत, असा अंदाज आहे.

या चतुराचं पिल्लू कोमट, उथळ, तात्पुरत्या पाण्यात दीड-दोन महिन्यांत वाढून बाहेर पडतं. रोवणीपासून निसवणीपर्यंत बांधीत पाणी राहतं तेवढा अवधी त्याला पुरतो. म्हणजे आफ्रिकेपर्यंत पोचणाऱ्या वंशाचा एक टप्पा धानाच्या बांधीत घडू शकतो. दवनीवाड्याच्या शाळेत भूगोलाच्या तासाला वाऱ्यांचा धडा शिकवताना याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

धानातलं त्यांचं काम मात्र भूगोलापेक्षा रोखठोक आहे. या पट्ट्यात शेतकऱ्याची झोप उडवतात ते तुडतुडे, खोडकिडा आणि पानं गुंडाळणारी अळी. चतुर उडणारे पतंग हवेतच धरतात. टाचण्या रोपांच्या बुडाशी, जिथे तुडतुडे लागतात तिथेच शिकार करतात. तुडतुड्यांचा उद्रेक झाल्यावर चतुर तो थोपवतील अशी आशा धरणं चूक आहे. किडीची संख्या वाढण्याआधी ती खाली ठेवणं हे त्यांचं काम, आणि त्यात कोळी, नाकतोडे, पाण्यातले ढेकूण हे त्यांचे जोडीदार. हीच फळी पहिल्या फवारणीत मरते. तुडतुडे पुन्हा लवकर वाढतात, त्यांना खाणारे मागे राहतात, आणि दुसरी फवारणी करावी लागते. जपानमध्ये हे फार महागात पडलं. तिथे भातखाचरांत वाढणारा लाल चतुर एके काळी शरद ऋतूची ओळख होता. १९९० च्या दशकापासून पऱ्ह्यांच्या पेट्यांत इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल ही कीटकनाशकं घालायला सुरुवात झाली आणि अनेक भागांत तो झपाट्याने ओसरला. इमिडाक्लोप्रिड आपल्याकडच्या धानावरही वापरलं जातं. फवारणी करूच नका असं म्हणायचा मला अधिकार नाही, कारण पीक गेलं तर भरपाई मी करणार नाही. पण कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचली आहे का हे बांधीत उतरून, रोप वाकवून पाहिल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये, एवढं आग्रहाने म्हणतो.

डासांच्या प्रश्नाकडे आलो की अतिशयोक्ती फार होते. एक चतुर रोज शेकडो डास खातो, असे आकडे सर्रास फिरतात. प्रौढ चतुर बहुतेक उन्हात शिकार करतो, आणि मलेरियाचे डास रात्री फिरतात. दोघांची गाठ फक्त तिन्हीसांजेला थोडी पडते. खरी मदत पाण्यातल्या पिल्लांची. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये घराघरांतल्या पाण्याच्या साठ्यांत चतुराची पिल्लं सोडून डेंग्यूच्या डासांच्या अळ्या कमी करण्याचा प्रयोग झाला, लोकांच्या सहभागाने. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. अळ्या काही आठवड्यांतच जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि मागोमाग प्रौढ डासही घटले. त्यासाठी निवडलेली जात होती ‘क्रोकोथेमिस सर्व्हिलिया’, आपल्या तलावांवरचा तोच लाल चतुर.

परसबागेत चतुर हवे असतील तर याच धाग्याने विचार करावा. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा, हा आरोग्य खात्याचा सल्ला बादल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि टायर यांना पूर्ण लागू आहे. तिथे चतुराचं पिल्लू जगणार नाही, फक्त डास होतील. बागेतलं तळं मात्र मधेमधे उपसू नये. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा, एका बाजूने उतरता काठ, मध्ये गुडघा-दीड गुडघा खोली, काही बुडालेल्या आणि काही पाण्याबाहेर दांडे काढणाऱ्या स्थानिक वनस्पती, आणि काठाला चार-दोन वाळक्या काटक्या बसण्यासाठी. गप्पी किंवा गंबुसिया मासे सोडू नयेत, ते डासांच्या अळ्यांबरोबर चतुराची कोवळी पिल्लंही संपवतात. मासे आणि चतुर दोन्ही हवे असतील तर गर्द पाणवनस्पतींचा कोपरा लागतोच. जपानमध्ये शिमान्तो शहरात केवळ चतुरांसाठी राखलेलं पाणथळ उद्यान आहे. आपल्याला तेवढं करायची गरज नाही, गावातली एक बोडी नीट राखली तरी पुरेल.

लोकांच्या मनात चतुराला कुठली जागा आहे हे पाहिलं तर जपानी लोक इथेही पुढे दिसतात. सम्राटाला चावलेली गोमाशी एका चतुराने झडप घालून नेली, अशी कथा त्यांच्या प्राचीन ग्रंथांत आहे, आणि देशाचं एक जुनं नावच चतुरांचं बेट असं आहे. तो मागे हटत नाही अशा समजुतीने सामुराई योद्धे शिरस्त्राणावर त्याची आकृती लावत. युरोपात उलट. तिथे तो सैतानाची सुई, खोटं बोलणाऱ्या पोरांचे ओठ शिवणारा. केरळात ओणमच्या दिवसांत दिसणाऱ्या चतुराला ओणत्तुंबी म्हणतात. ती जात आपल्या बांधीतलाच ‘रायोथेमिस व्हेरिगाटा’. मराठी मुलखात मोर, बेडूक, पावशा यांना पावसाच्या गाण्या-गोष्टींत मानाचं पान मिळालं, चतुर मात्र समजुतींपुरता राहिला. तो खाली उडू लागला की पाऊस येणार, ही त्यांतली सर्वदूर पसरलेली. तिच्यात तथ्य आहे, पण ते मर्यादित. ढग दाटून हवा दमट झाली की वाळवीचे पंखवाले आणि चिलटं खाली उडतात, मागोमाग चतुर येतो. तो पाऊस सांगत नाही, जेवणामागे येतो. तो नांगी मारतो ही समजूत मात्र साफ खोटी. त्याला नांगी नसते. शेपटीला दोरा बांधून त्याला खडा उचलायला लावायचा पोरांचा खेळ अजून कुठेकुठे दिसतो. त्यात चतुराचे पाय तुटतात, पोट फाटतं. हा खेळ थांबवण्याचं काम मोठ्यांनी करायला हवं, आणि तेच पोर तळ्याकाठी कात शोधायला नेलं तर त्याची हौसही भागते.

धोका कुठून आहे? जागतिक पातळीवर २०२१ मध्ये पहिल्यांदा सगळ्या चतुरांचा आढावा घेतला गेला, तेव्हा तपासलेल्या ६,०१६ जातींपैकी सोळा टक्के जाती धोक्यात निघाल्या आणि पाणथळींचा नाश हे मुख्य कारण ठरलं. गोंदियात तलाव नकाशावर आहेत, पण त्यांचे काठ बदलले. मालगुजारी १९५०-५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावकी व तलाव यांचं रोजचं नातं सैल झालं. गाळ साचला, पोटात अतिक्रमणं झाली, काठाला बेशरम आणि पाण्यावर जलकुंभी पसरली. गाळ काढायलाच हवा. पण यंत्राने सगळीकडे सारखा खड्डा केला की उतरता उथळ काठ जातो, त्याबरोबर देवधान, पानकणीस आणि पाण्यातलं गवत जातं, आणि चतुराच्या पिल्लाला लपायला व बाहेर चढायला काही उरत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मासेमारांबरोबर तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं, माशांसाठी. त्याचा लाभ चतुरांना न मागता मिळतो. एखाद्या तलावावर फक्त नारिंगी पंखांचा ‘ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा’ शेकड्यांनी दिसत असेल आणि दुसरं जवळपास काही नसेल, तर तिथे सांडपाणी येत आहे असं समजून चौकशी करावी. घाण पाणी सोसण्यात त्याच्याइतका पटाईत दुसरा नाही.

सारसांचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. महाराष्ट्रात सारस टिकला तो मुख्यतः गोंदियात, आणि त्याचं श्रेय धानाच्या बांधीतलं घरटं राखणाऱ्या शेतकऱ्यांना आणि ‘सेवा’सारख्या स्थानिक संस्थेला जातं. परसवाडा, झिलमिली या तलावांवर लोक सारस पाहायला येतात. त्याच पाण्यावर, त्याच बांध्यांत चतुर आहेत, आणि त्यांच्या नोंदीला दुर्बीणही लागत नाही. मोजणीचा काळ मात्र वेगळा ठेवावा लागेल. सारस उन्हाळ्याच्या शेवटी मोजतात, तेव्हा पाणी आटलेलं असतं. चतुरांसाठी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतचा काळ, सकाळी नऊ ते अकरा, स्वच्छ ऊन. एक मामा तलाव, एक बोडी, एक फवारलेली आणि एक न फवारलेली बांधी, अशा चार जागा ठरवाव्यात आणि दर पंधरा दिवसांनी त्याच काठाने तेवढंच अंतर चालावं. सुरुवातीला लाल ‘क्रोकोथेमिस’, काळ्या-पांढऱ्या पंखांचा ‘न्यूरोथेमिस’, नारिंगी ‘ब्रॅकिथेमिस’ आणि पिवळी टाचणी एवढ्याच चौघांची संख्या लिहावी, अंडी घालणाऱ्या माद्या वेगळ्या मोजाव्यात, आणि सापडलेल्या काती तारीख घालून काड्यापेटीत ठेवाव्यात. तीन पावसाळे हे झालं, तर फवारणीबद्दल आणि गाळ काढण्याबद्दल ग्रामसभेत बोलताना गावाच्या हातात गावाचेच आकडे असतील.